गोळी कठीण हवी की मापाची? नेमबाजीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पिस्तुलाच्या काडतुसाचे चार भाग, म्हणजे खोळ, पेट घेणारा प्रायमर, पावडर आणि पुढची गोळी, हे थोडक्यात सांगितलं होतं, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय. आधी एक गोष्ट स्पष्ट. खाली हाताने काडतूस भरण्याबद्दल जे लिहिलंय ते जिथे त्याला कायद्याने मोकळीक आहे तिथल्या नेमबाजांसाठी आणि विषय समजून घ्यायचाय अशा सगळ्यांसाठी, इथे कोल्हापुरात घरी बसून करायसाठी नाही. का नाही ते तिसऱ्या उत्तरात येईल. आणि किती पावडर घालायची याचे आकडे या सदरात कधीच मिळणार नाहीत, ते फक्त पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातूनच घ्यायचे असतात.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवतो. थोरला मुलगा टेक्सासला नोकरीला आहे, तिथे क्लबात रिव्हॉल्व्हर मारतो, .३८ स्पेशल नावाच्या काडतुसाच्या गोळ्या घरीच ओततो आणि काडतुसंही भरतो. त्याला कुठून तरी जुनं लायनोटाइपचं शिसं मिळालं, एकदम कठीण. तरी थोड्या गोळ्या मारल्या की नळीत शिसं चिकटून बसतंय. तो म्हणतो अजून कठीण मिक्स करतो. मला ओतकाम कळतं, गोळीतलं कळत नाही. कठीण केलं की थांबेल का?

काका, नाही थांबणार, उलट वाढेल. आणि तुम्ही फाउंड्रीवाले आहात म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देतोय, कारण यातला निम्मा विषय तुमच्या रोजच्या हाताखालचा आहे.

तुम्ही ग्रे आयर्नचं कास्टिंग १८०-२२० ब्रिनेलच्या (धातूचा कठीणपणा मोजायचं माप) आसपास तपासता ना, इथे सगळा कारभार ५ ते २२ च्या मधे चालतो. शुद्ध शिसं ५ च्या जवळ. गाडीच्या चाकाला बॅलन्सिंगसाठी लावायची जुनी शिशाची वजनं वितळवली तर १० ते १२. ९० टक्के शिसं, ५ टक्के कथिल आणि ५ टक्के अँटिमनी असं एक जुनं नावाजलेलं मिश्रण आहे ते १५ च्या आसपास. आणि लायनोटाइप, म्हणजे छापखान्यात ओळीच्या ओळी ओतायचं मशीन असायचं त्याचा धातू, त्यात साधारण ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी आणि ४ कथिल, ते २२ ला जातं. अँटिमनी कडकपणा देतं. कथिल कडकपणा थोडाच देतं पण वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट जाऊन बसतो, कडा धारदार येतात, त्यासाठी दोनेक टक्के पुरतं, त्याच्यावर घालणं म्हणजे महागडा धातू वाया.

आता मुद्द्याचं. शिशाची गोळी नळीतून जाताना तिच्या बुडाला मागून गॅसचा दाब बसतो, त्या दाबाने बूड किंचित फुगतं आणि नळीच्या आतल्या पीळदार खाचांना घट्ट बसतं. हे फुगणं झालं की गॅस मागे अडतो. नाही झालं तर काय होतं, इंजिनात पिस्टनची रिंग सैल असली की जसा ब्लो-बाय होतो तसा इथे गॅस गोळीच्या कडेने पुढे पळतो, फक्त हा गॅस इतका गरम आणि जोरात असतो की तो गोळीच्या अंगावरचं शिसं कापत आणि वितळवत नेतो आणि तेच पुढे नळीला चिकटतं. म्हणजे मुलाच्या नळीत जे शिसं दिसतंय ते गोळी मऊ आहे म्हणून घासून राहिलंय असं त्याला वाटतंय, पण बहुतेक वेळा ते गॅसने कापलेलं असतं.

कठीणपणा किती हवा याचा एक ठोकताळा ओतणारे लोक वापरतात. ब्रिनेलच्या आकड्याला १४२२ ने गुणलं की साधारण तेवढ्या पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाला ते मिश्रण दबायला लागतं. .३८ स्पेशलची अमेरिकन मानकातली कमाल दाबाची मर्यादा आहे १७,००० पीएसआय, आणि टार्गेटवर मारायचे हलके लोड, म्हणजे कमी जोराची भरलेली काडतुसं, तर त्याच्याही बरेच खाली असतात. लायनोटाइपचं गणित करा, २२ गुणिले १४२२, एकतीस हजाराच्या वर जातं. म्हणजे .३८ च्या दाबाला ती गोळी हलणारच नाही, फुगणार कुठून. या कामाला ८ ते १२ ब्रिनेल पुरतं. .३५७ मॅग्नम या जास्त जोराच्या काडतुसाची मर्यादा ३५,००० आहे, तिथे कठीण गोळीला अर्थ आहे, आणि तिथेसुद्धा बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवतात, तिला गॅस चेक म्हणतात, कारण १९३५ ला ते काडतूस आलं तेव्हा साध्या शिशाच्या गोळ्यांनी नळ्या भरायला लागल्या होत्या.

पण कठीणपणाच्याही आधी माप. माझं ठाम मत आहे की नळीत शिसं बसतंय म्हणून येणाऱ्या दहातल्या बहुतेक तक्रारी मापाच्या असतात, मिश्रणाच्या नसतात, आणि लोक मात्र भट्टीपाशी जाऊन अँटिमनी वाढवत बसतात. मुलाला सांगा, बंदूक रिकामी करून, पुन्हा तपासून, मऊ शिशाचा एक गोळा तेल लावून नळीतून दांड्याने हळू ढकलत बाहेर काढ आणि मायक्रोमीटरने खाचांचं माप घे. गोळी त्याच्यापेक्षा एक-दोन थाऊ, म्हणजे हजारांश इंच, जास्त पाहिजे. .३८ ला बहुतेक वेळा .३५८ इंच येतं, ९ मिमी ला .३५६, .४५ ऑटोला .४५२, पण हे सरासरीचे आकडे झाले, खरं माप त्याच्या त्याच्या नळीचं. आणि रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडरच्या तोंडाची मापंही घ्यायची, सगळ्या सहाच्या सहा, कारण ती तोंडं नळीपेक्षा बारीक असली तर चांगली मापाची गोळी तिथेच दाबली जाऊन बारीक होते आणि पुढे नळीत सैल जाते, मग कितीही मिश्रण बदला काही फरक पडत नाही.

शिसं कुठे बसतंय ते पण बघायला सांगा. सुरुवातीलाच, सिलिंडरच्या जवळ बसत असेल तर गोळी बारीक किंवा जास्त कठीण. तोंडाकडच्या शेवटच्या दोन इंचात बसत असेल तर वंगण पुरत नाही, गोळीच्या खाचेत जे मेणासारखं वंगण भरतात ते मधेच संपतंय. मधमाशीचं मेण आणि अ‍ॅलॉक्स नावाचं वंगण अर्धं-अर्धं हे तिकडचं जुनं मिश्रण, साध्या टार्गेट लोडला अजून चांगलं चालतं.

लायनोटाइप टाकून द्यायचं नाही, ती चांगली वस्तू आहे. एक भाग लायनोटाइप आणि तीन भाग शुद्ध शिसं घेतलं की अँटिमनी ३ टक्के आणि कथिल १ टक्का उरतं, ब्रिनेल अकरा-बाराच्या घरात येतं, थोडं जादा कथिल घातलं की साचा सुंदर भरतो. ओतायचं तापमान साधारण ३७० ते ४०० अंश सेल्सिअस, त्याच्या वर नेलं की वर मळी जास्त धरते आणि कथिलच आधी जळतं. बाकी पाण्याचा थेंब वितळलेल्या धातूत पडला की काय होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मुलाला मात्र तुमच्या तोंडून सांगा, कारण गॅरेजमधे एकट्याने काम करणाऱ्याला दुकानातली शिस्त शिकवणारं कोणी नसतं.

प्रश्न : मी गडहिंग्लजचा माजी सैनिक. आम्हाला काडतूस तयारच मिळायचं, आत काय आहे हे कधी विचारलं नाही. आता वाचतोय की एकाच .३८ च्या काडतुसाला पाच-सहा वेगवेगळ्या पावडरी चालतात. बारूद ते बारूद, मग इतक्या डब्या कशाला? आणि शिशाच्या गोळीसाठी निवडायची कशी?

सुभेदार साहेब, नमस्कार. बारूद ते बारूद हे काळ्या बारुदाच्या दिवसांत बऱ्यापैकी खरं होतं, दाणा जाड की बारीक एवढाच फरक. १८८४ ला फ्रान्समधे पॉल व्हिएलने बिनधुराची पावडर काढली, १८८७ ला आल्फ्रेड नोबेलने बॅलिस्टाइट काढलं, पाठोपाठ ब्रिटिशांचं कॉर्डाइट आलं, ज्याचा कारखाना पुढे आपल्याकडे निलगिरीत अरुवनकाडूला झाला, आणि तिथून पुढे पावडरीचा वेग ठरवून बनवता यायला लागला. मूळ पदार्थ नायट्रोसेल्युलोज, काहींत त्याच्या जोडीला नायट्रोग्लिसरीन. दाण्याचा आकार चपटा, गोल की नळीसारखा, दाणा केवढा, त्याच्यावर जळणं मंद करणारा लेप किती, यावरून ती पावडर भसकन जळणार की सावकाश, ते ठरतं.

रायफलची नळी लांब असते, गोळीला आत वेळ मिळतो, म्हणून मंद पावडर. पिस्तुलाची नळी चार-सहा इंच, गोळी क्षणात बाहेर, म्हणून पिस्तुलाला एकूणच वेगवान पावडरी. त्यातही उतरंड आहे. अगदी वेगवान म्हणजे अमेरिकेतली बुल्सआय, जी १८९८ पासून चालत आलीय, किंवा फिनलंडच्या व्हिटावुओरीची एन ३१०. मधली म्हणजे युनिक. मंद म्हणजे २४०० किंवा एच ११०, मॅग्नम काडतुसांसाठी.

शिशाची साधी गोळी, मध्यम किंवा कमी वेग, कागदाचं टार्गेट, असं असेल तर वेगवान किंवा मधली पावडर बरी. कमी वजनात काम होतं, दाब लवकर चढतो त्यामुळे मऊ गोळीचं बूड वेळेत फुगतं, धक्का कमी, छोट्या नळीत पूर्ण जळते. जड गोळी जोरात मारायची असेल तर मंद पावडर, कारण वेगवान पावडरीने तोच वेग काढायला गेलं तर दाब एकदम टोकाला जातो. म्हणून आधी काडतूस ठरतं, मग गोळीचं वजन आणि मिश्रण, मग किती वेग हवा ते, आणि सगळ्यात शेवटी पावडर. बरेच नवे लोक उलटं करतात, दुकानात जी डबी मिळाली ती आणतात आणि तिच्यासाठी गोळी शोधतात.

आता धोका, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. .३८ स्पेशलची खोळ १८९८ च्या सुमारची, काळ्या बारुदासाठी मोठी केलेली. वेगवान पावडरीचा डोस तिच्या तळाला जेमतेम दिसतो. म्हणजे चुकून दोनदा पावडर पडली तरी खोळ भरत नाही, वरून बघणाऱ्याला कळत नाही, गोळी नीट बसते, आणि मग चाप ओढला की सिलिंडर फुटतो, बोटं जातात. म्हणून अनुभवी माणूस नवशिक्याला फुगीर पावडर घ्यायला सांगतो, जिचा एक डोस खोळीचा बराच भाग भरतो आणि दुसरा डोस पडला तर ती ओतू जाते, डोळ्याला दिसतं. नेमापेक्षा, स्वस्ताईपेक्षा हा गुण मी वर ठेवीन. शिवाय गोळी बसवायच्या आधी सगळ्या खोळी एका पाटात उभ्या ठेवून बॅटरी मारून एकेकीत बघायचं.

याच्या उलट बाजू, पावडर पडलीच नाही किंवा फार कमी पडली. प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत मधेच अडकते. फुसका आवाज आला, धक्का जाणवला नाही, की तिथेच थांबायचं, कारण पुढची गोळी त्या अडकलेल्या गोळीवर गेली की नळी फुगते किंवा फुटते. तुम्ही फायरिंग रेंजवर शिस्त पाळलेली माणसं, हे तुम्हाला लगेच पटेल, पण मॅचच्या घाईत लोक पुढचा चाप ओढून मोकळे होतात.

अजून एक, कमी म्हणजे सुरक्षित असं पण नसतं. एच ११० सारख्या मंद पावडरीला तक्त्यापेक्षा बरंच कमी घातलं तर ती नीट पेटत नाही, गोळी नळीत अडकू शकते, कंपनी स्वतः सांगते की कमी करू नका. आणि गोळी खोळीत जास्त खोल बसली तर आतली जागा कमी होऊन तीच पावडर तेवढ्याच वजनाला जास्त दाब देते. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. पावडरीचं वजन ग्रेनमधे मोजतात, ७००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे एक ग्रेन ०.०६५ ग्रॅमच्या आसपास, यावरून किती बारीक काटा लागतो ते लक्षात येईल. चपट्या दाण्याची पावडर मापातून एकसारखी पडत नाही, गोल दाण्याची पाण्यासारखी पडते, हेही निवडताना बघतात. डबीवरचं लेबल गेलं असेल तर ती पावडर वापरायची नाही, रंगावरून किंवा दाण्यावरून ओळखता येत नाही, दोन उरलेल्या पावडरी एकत्र करायच्या नाहीत, आणि काम चालू असताना टेबलावर एकच डबी उघडी ठेवायची.

प्रश्न : मी राजारामपुरीतून लिहितेय. मुलगी दहावीला आहे, दोन वर्षं एअर पिस्तूल केलं, आता २५ मीटर पिस्तूल सुरू केलंय. .२२ च्या गोळ्यांचा खर्च झेपत नाही. नवऱ्याच्या मित्राने सांगितलं की परदेशात लोक रिकामी काडतुसं परत भरून वापरतात, निम्म्या खर्चात होतं. आपल्याला असं काही करता येईल का?

ताई, दोन कारणांनी नाही, आणि पहिलं कारण तर तांत्रिकच आहे. .२२ चं काडतूस रिमफायर असतं, म्हणजे पेट घेणारा मसाला वेगळ्या प्रायमरमधे नसतो, खोळीच्या बुडाच्या कडेत आतून भरलेला असतो आणि पिन त्या कडेवर आपटते. एकदा आपटली की कड चेपली, संपली. वर ज्या काडतुसांबद्दल बोललो ती सेंटरफायर, त्यांचा प्रायमर मधोमध असतो आणि काढून नवा बसवता येतो. मुलीच्या स्पर्धेतल्या .२२ ला परदेशातले लोकही भरत नाहीत, विकतच घेतात.

दुसरं कारण कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली त्याला किमान सात वर्षं ते जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पावडर ही स्फोटकांच्या कायद्यात येते ते वेगळंच. नवऱ्याच्या मित्राचा हेतू चांगला असेल, पण असला सल्ला घरात फिरूसुद्धा देऊ नका, मुलीचं करिअर एका तक्रारीत संपेल. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत विचारा, गावातल्या जाणकाराला नको.

आता खर्चाचं. मी तुम्हाला जे सांगतो ते ऐकायला विचित्र वाटेल, पण सरावातल्या गोळ्या कमी करा. एअर पिस्तूल सोडू नका. छर्रे त्यामानाने स्वस्त, आणि उभं राहणं, श्वास, चाप दाबणं हे सगळं तिथेच पक्कं होतं, फक्त २५ मीटर पिस्तुलाचा चाप १००० ग्रॅमचा आणि एअर पिस्तुलाचा ५०० ग्रॅमचा एवढं लक्षात ठेवून वेगळा सराव करायचा. रोज घरी, शस्त्र रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, पांढऱ्या भिंतीसमोर कोरडा, म्हणजे बिनगोळीचा, सराव. या प्रकाराच्या रॅपिड, म्हणजे झटपट फेरीत, तीन सेकंदात हात वर येऊन एक शॉट जातो, तो हात वर आणायचा सराव तर बिनगोळीचाच होतो.

आणि गोळ्या घेताना महागातली महाग घ्यायची गरज नाही. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर १० चं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं, बरी .२२ गोळी त्याच्या आत आरामात बसते. तिथे नेमाच्या अखेरच्या मिलिमीटरपेक्षा गोळी दरवेळी पेटते का, पिस्तूल अडकत नाही ना, धक्का एकसारखा आहे का, हे बघायचं. रायफलवाल्यांना लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या गोळ्या, तपासून घ्यावा लागतो, त्यांचं प्रकरण वेगळं, ५० मीटरवर त्यांचं १० चं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. तिचं पिस्तूल दोन-तीन ब्रँडवर चालवून बघा, ज्यावर अडकत नाही तो एकच ब्रँड धरा, आणि मॅचला आणि सरावाला तोच ठेवा. एकच लॉट क्लबातल्या तीन-चार पालकांनी मिळून प्रशिक्षकामार्फत मागवला तर थोडं सोपं जातं, प्रत्येकाच्या परवान्याच्या आणि क्लबाच्या नियमात बसवून.

दुधाळीच्या रेंजवर उभ्या राहणाऱ्या पोरींना मी नेहमी सांगतो, राही सरनोबत याच शहरातली, २०१३ ला चांगवॉनच्या वर्ल्ड कपमधे २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणि २०१८ ला जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. हा प्रकार कोल्हापूरचा आहे. थोडी कळ काढा ताई, पण दारूगोळ्यात शॉर्टकट नको.

प्रश्न : इचलकरंजीहून. वडिलांच्या नावचं .३२ रिव्हॉल्व्हर वारसाने माझ्या परवान्यावर आलंय. सोबत एक डबी काडतुसं आहेत, पंधरा-वीस वर्षं जुनी, काहींवर हिरवट डाग. आतली पावडर काढून नवी भरून घेता येईल का? की तशीच चालतील?

दादा, दोन्ही नको. उघडायची पण नाहीत. पितळेवर हिरवं धरलंय म्हणजे ओल लागलीय, प्रायमर आणि पावडर आतून कशी आहे ते सांगता येत नाही, आणि खोळ कमजोर झाली असू शकते. स्वसंरक्षणासाठी जे शस्त्र ठेवलंय त्यात शंकेचं काडतूस ठेवणं हे शस्त्र नसल्यापेक्षा वाईट. ती परवान्यावर नोंद असलेली आहेत ना, मग गुपचूप नदीत टाकणं वगैरे करू नका, तुमच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे लेखी देऊन जमा करा आणि पावती घ्या. नवी घेताना कारखान्यातली, सीलबंद, बिलावर.

कधी रेंजवर चाप ओढला आणि काडतूस फुटलंच नाही, तर तोंड टार्गेटकडेच ठेवून किमान अर्धा ते एक मिनिट थांबा, कधी कधी ते उशिरा फुटतं. लगेच सिलिंडर उघडून बघायची घाई करू नका.

प्रश्न : कुरुंदवाडहून एक गृहिणी. मालकांना मासे पकडायचा नाद. गळाला लावायची शिशाची वजनं ते घरीच ओततात, जुन्या बॅटरीतलं शिसं आणून, गॅसवर, स्वयंपाकाच्या जुन्या पातेल्यात. तुमच्या सदरात शिसं वितळवण्याबद्दल असतं म्हणून विचारते, घरात चार वर्षांचा नातू आहे, काही अपाय होतो का?

वहिनी, होतो, आणि आजच बंद करायला सांगा. हा प्रश्न नेमबाजीचा नसला तरी गोळ्या ओतणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे म्हणून घेतलाय.

शिसं ३२७ अंशाला वितळतं. तेवढ्या तापमानाला वाफ फार होत नाही, लोक म्हणून बिनधास्त असतात, पण खरा त्रास वर धरणाऱ्या मळीच्या पिवळट-करड्या पुडीचा आहे. ती ओट्यावर बसते, कपड्यांवर बसते, हातावरून तोंडात जाते. लहान मूल जमिनीवर खेळतं, हात तोंडात घालतं, आणि त्याच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषलं जातं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. मुलाच्या बुद्धीवर, शिकण्यावर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही.

बॅटरीचं शिसं तर सगळ्यात वाईट. त्यात अ‍ॅसिड असतं, आणि मिश्रणात अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम असं काय काय असतं, त्याची मळी ओली झाली की त्यातून आर्साइन आणि स्टिबाइन नावाचे विषारी वायू निघू शकतात, थोडे सुद्धा जीवघेणे. गोळ्या ओतणारे जाणकार लोक बॅटरीचं शिसं हातात धरत नाहीत. जुनी बॅटरी दुकानदाराला परत करायची, २०२२ च्या नियमांनी ती परत घेणं कंपनीची जबाबदारी आहे.

ते पातेलं स्वयंपाकात पुन्हा कधीच वापरायचं नाही, बाहेर काढा. ओटा, फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका, पूड हवेत उडते. मालकांचे त्या कामाचे कपडे वेगळे धुवा. आणि नातवाची रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, बालरोगतज्ज्ञांना सरळ सांगा की घरात शिसं ओतलं जात होतं. अमेरिकेत १०० मिलिलिटर रक्तात साडेतीन मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की मुलाकडे लक्ष द्यायला सुरुवात करतात, त्या हिशोबाने डॉक्टर बघतील. घरात कोणी गरोदर असेल तर तिचीही तपासणी करा. मालकांना गळाची वजनं तयारच विकत घेऊ द्या, मिळाली तर लोखंडाची.